नागीण गेली, दुखणे राहिले

नागिणीचे फोड काही आठवड्यांत सुकतात, पण काहींची आग महिनोन् महिने जात नाही. अंगावर सदरासुद्धा सहन होत नाही. बाहेरून काही दिसत नसल्याने घरच्यांनाही ते खरे वाटत नाही!

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉ. श्रीनिवास राजा यांनी नेमक्या याच दुखण्यावर चाचणी घेतली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. ७६ रुग्णांवर पाळीपाळीने मॉर्फिनसारखे औषध, नैराश्यावरचे जुने औषध आणि औषध नसलेली नुसती गोळी वापरून पाहिली. आराम अनुक्रमे ३८, ३२ आणि ११ टक्के. नुसत्या गोळीनेही ११ टक्के, म्हणून तर ही तुलना लागते. तेव्हा डॉक्टरांनी नैराश्याची गोळी लिहून दिली, तर 'मला काय वेड लागलंय?' म्हणून रागावू नये. २०२० साली राजा यांच्याच समितीने वेदनेची जागतिक व्याख्या सुधारली. रुग्ण 'दुखतंय' म्हणतो त्याचा मान राखावा, असे तिच्या टिपांत स्पष्ट आहे.

पन्नाशीनंतर शिंग्रिक्स लशीचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यावेत. मेडिकेअर पार्ट डी असल्यास २०२३ पासून खिशातून काही जात नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर विम्यात मात्र लस सहसा बसत नाही. फार्मसीत किंमत आधी विचारावी.