कारल्याची आवड उशिरा का लागते?

कारले, मेथी, अळू, सुरण. लहानपणी ताटाच्या कडेला सारलेल्या या भाज्या तिशी-चाळिशीत तीच माणसे मंडईतून हौसेने निवडून आणतात. आईवडिलांची आवड अशी उशिरा अंगी बाणण्याचे कोडे कडू चवीच्या बाबतीत पुष्कळसे उलगडले आहे.

कडूचा तिटकारा हा मुलांचा हट्ट नव्हे, तो देहधर्म आहे. अनेक वनस्पतिजन्य विषे कडू असतात, म्हणून नवजात बाळही कडू थेंबाने तोंड वाकडे करते. गोड चव ओळखण्याचे काम मुख्यतः प्रथिनांच्या एका जोडीवर भागते. कडूसाठी मात्र माणसाकडे सुमारे २५ प्रकारची ग्राही प्रथिने आहेत, इतका हा पहारा कडक आहे. मुलांमध्ये तो आणखी कडक असतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मुले आणि त्यांच्या आया यांची तुलना केली. कडू चवीशी निगडित एका जनुकाची रचना सारखी असूनही एका गटात मुलांना आईपेक्षा कमी मात्रेतला कडूपणा जाणवत होता. मुलांना म्हणूनच दोष देऊ नये. त्यांना लागणारे कारले खरोखर जास्त कडू असू शकते.

त्यात दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची धास्ती सर्वाधिक असते. पुढे ती ओसरते, आणि कडू खाऊन अपाय होत नाही हे शरीर अनुभवाने शिकते.

नकाराच्या वर्षांतही, किंबहुना त्याआधीपासूनच, घराची चव आत झिरपत असते. याच मेनेला यांच्या २००१च्या प्रयोगात काही गर्भवती व स्तनदा मातांनी गाजराचा रस नियमित घेतला. त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज अधिक सहज स्वीकारली. जन्माआधीच आईच्या आहाराशी ओळख झालेली असते. रोजच्या फोडणीचा वासही मूल भाजी न खाता ओळखू लागते.

स्वयंपाकघराने कडूपणाचा हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. कारल्याच्या चकत्या मीठ लावून पिळल्या की कडू रस निघतो, आणि उरलेले मीठ कडूपणाची जाणीवच दडपते. मिठाचा हा परिणाम संशोधक ब्रेस्लिन व बोशाँ यांनी १९९७ साली दाखवला. मग गूळ, चिंच, खोबरे येते. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पालाही गूळ, ओवा, मिरी, हिंग घालून मुलांच्या हातावर ठेवतात. कडू टाळायचे नाही, त्याला सोबत द्यायची, ही रीत शहाणपणाची आहे.

जबरदस्तीने मात्र उलटेच घडते. आग्रह केलेल्या पदार्थाविषयी मुलांची नावड वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे, तर नवी चव पचनी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते. तेव्हा पालकांनी चमचाभर भाजी न रागावता वाढत राहावी, आणि स्वतः ती मुलांसमोर चवीने खावी.