मामला दिलाचा, डोक्याला शॉट!
हार्टची अवेळी धडधड कायमची घालवायला मी अ‍ॅब्लेशन करून घेतलं. चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडला, तर डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा आणि मागोमाग डोकेदुखी! लगेच डॉक्टरांना फोन. त्यांनी समजावलं, जांघेतल्या शिरेतून नेलेली नळी हृदयाच्या डाव्या बाजूला न्यायला मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात. ते भरून येईपर्यंत काहींना असं मायग्रेन होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मनाने आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. अचानक असह्य दुखलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला किंवा पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. बॉसला मेल नंतर!