गुन्हेगार भिंतीवर होता का?

डॉक्टरांनाही कधीकधी डिटेक्टिव्ह व्हावं लागतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १९९३च्या अखेरीस तसंच झालं. अवघ्या काही महिन्यांची, चांगली धडधाकट बाळं अचानक आजारी पडू लागली. त्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होत होता. एरवी क्वचितच दिसणारा हा आजार, पण १९९३-९४ या दोन वर्षांत अशी १० बाळं दाखल झाली. त्यातलं एक दगावलं. नेहमीच्या तपासण्यांत कारण काही सापडेना.

मग धागे जुळू लागले. बरीचशी बाळं शहराच्या एकाच भागातली होती. शिवाय रुग्णालयात बरी झालेली काही बाळं घरी गेली आणि पुन्हा तोच त्रास! संशयाची सुई वळली ती घराकडे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची माणसं घरोघर गेली. निरोगी बाळांच्या घरांशी तुलना केली. आजारी बाळांच्या घरांत गळकं छप्पर, फुटका नळ, तुंबलेलं पाणी असं काही ना काही जास्त आढळलं. ओल्या पुठ्ठ्यावर, लाकडावर वाढणारी ‘स्टॅकिबॉट्रिस’ ही काळी बुरशीही सापडली. वाटलं, गुन्हेगार सापडला!

पण कथा इथं संपत नाही. त्याच केंद्राने हे काम तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतलं आणि २००० साली जाहीर केलं की, बुरशी मोजण्यात त्रुटी होत्या; तिच्यामुळेच रक्तस्राव झाला, हे सिद्ध होत नाही. आपलं चुकलं असेल तर तेही तपासायचं, हेच तर शास्त्र!

म्हणजे बुरशी निर्दोष? छे! जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली स्पष्ट सांगितलं की, ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला, छातीत घरघर आणि दमा यांचं प्रमाण जास्त असतं.

मैत्रिणींनो, पावसाळ्यात आपल्याकडंही कपाटामागं, माळ्यावर, मोरीलगतच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके येतातच. पोर सारखं खोकत असेल, तर थोडी डिटेक्टिव्हगिरी आपणही करावी. खोकला अमुक एका खोलीतच वाढतो का? मामाच्या गावी गेल्यावर कमी होतो का? गादीला, गोधडीला कुबट वास येतो का? हे सगळं डॉक्टरांना जरूर सांगा. खोकल्यातून रक्त आलं किंवा धाप लागली, तर मात्र क्षणभरही थांबू नका.

बुरशीचा जीव पाण्यात. म्हणून आधी गळती बंद करा. नुसता रंग मारून उपयोग नाही, पोपडे धरून ती परत येतेच. डाग लहान असेल तर तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्यानं घासा आणि जागा खडखडीत कोरडी करा. दम्याच्या माणसाला या कामापासून लांब ठेवा. ब्लीच वापरलं तर त्यात अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं औषध चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. ओले कपडे खोलीत वाळत घालावेच लागले तर खिडकी उघडी ठेवा, आणि ऊन पडलं की गाद्या बाहेर काढा.

घर आपल्या परीनं सांगत असतंच. फक्त भिंतीकडंही जरा लक्ष हवं.