एकास बहात्तर : प्रतिकृतीचे गणित

'अपाची' या अमेरिकी लढाऊ हेलिकॉप्टरचे नाव तुम्ही ऐकले असेल. २०१९ साली ते आपल्या वायुदलातही दाखल झाले. संग्राहक त्याच्या छोट्या प्रतिकृती हौसेने जमवतात. अशा एका खोक्यावर १:७२ असे छापलेले असते. हा आकडा काय सांगतो? चला, पट्टी घेऊन पाहू.

अपाचीच्या मुख्य पंख्याच्या वर्तुळाचा व्यास १४.६३ मीटर आहे. त्याला ७२ ने भागा. उत्तर येते सुमारे २०.३ सेंटिमीटर. पात्याची रुंदी ५३ सेंटिमीटर. प्रतिकृतीत ती ७.४ मिलिमीटर हवी. मापे जुळली नाहीत, तर ते नुसते खेळणे समजावे! पण ७२ च का? सहा फुटांचे इंच होतात ७२. म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच हा खरे सहा फूट दाखवतो.

आता वजनाकडे वळू. शस्त्रे व इंधनासह अपाचीचे वजन सुमारे १०,४०० किलोग्रॅम भरते. ७२ ने भागले तर १४४ किलोग्रॅम! एवढे वजन टेबलावर कोण ठेवील? चूक कोठे झाली? लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही ७२ पटींनी घटली आहेत. म्हणून ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ ने भागले पाहिजे. उत्तर येते अवघे २८ ग्रॅम.

परंतु धातूची प्रतिकृती हातात घेतली, तर ती याहून बरीच जड लागते. असे का? खऱ्या हेलिकॉप्टरचा पत्रा १ मिलिमीटर जाड आहे असे धरा. प्रतिकृतीत तो ०.०१४ मिलिमीटर हवा, म्हणजे वहीच्या कागदाच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका. इतका पातळ धातू साच्यात ओतता येत नाही. म्हणून बाहेरचा आकार प्रमाणात असतो, जाडी मात्र नसते.

आणखी एक गंमत पाहा. उभ्या असलेल्या खऱ्या हेलिकॉप्टरची लांब पाती स्वतःच्या भाराने खाली झुकतात. प्रतिकृतीची पाती मात्र ताठ राहतात. कारण पात्याचे वजन घनाच्या प्रमाणात घटते, पण ते पेलणाऱ्या छेदाचे क्षेत्रफळ वर्गाच्याच प्रमाणात घटते. लहान वस्तू तुलनेने ताठ असते ती यामुळे. चोखंदळ कारागीर म्हणूनच पात्यांना मुद्दाम किंचित बाक देतात.

हा सारा नुसता छंद आहे असे मात्र समजू नका. दुसऱ्या महायुद्धात विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखावे लागे. ओळखण्यात चूक झाली, तर आपल्याच माणसांवर गोळी झाडली जाई. म्हणून १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागवल्या, त्याही १:७२ प्रमाणातच. अशी प्रतिकृती १० मीटरवरून पाहिली, की खरे विमान ७२० मीटरवरून जेवढे दिसेल तेवढीच ती दिसते. तुमच्याच वयाच्या मुलांच्या अचूक मापावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता.

आता तुम्ही करून पाहा. गच्चीवरील १,००० लिटरच्या टाकीची १:७२ प्रतिकृती केली, तर तिच्यात किती पाणी मावेल? आधी अंदाज लिहा, मग गणित करा.

(उत्तर : सुमारे २.७ मिलिलिटर.)