मोठ्या जातीच्या मांजराचें वजन कसें पारखावें?

आपल्या वाशिंदच्या आसपास शेतकऱ्याच्या घरीं मांजर पाळण्याचा हेतु पूर्वापार एकच असे. तो म्हणजे भाताच्या कणग्या उंदरांपासून राखणें. दूधभाताची बशी चाटून उरलेलें पोट शिकारीवर भरणाऱ्या त्या मांजराचें वजन करावें, असें कोणाच्या मनांतही येत नसे. असें मांजर सामान्यतः तीन ते पांच किलोग्रॅम भरतें, आणि धांवण्याचढण्यानें त्याचें शरीर आपोआप बेतांत राहतें. परंतु आतां मुंबईकडील अनेक घरांत पर्शियन, मेन कून अशीं परदेशीय जातीचीं मांजरें केवळ हौसेखातर पाळलीं जातात, व ही हौस लोहमार्गानें आपल्या बाजूसही येऊं लागली आहे. या मांजरांना शिकार नाहीं, झाडावर चढणें नाहीं. दिवसाचा बहुतेक वेळ निद्रेंत जातो. त्यांचे धनी मात्र “आमचा बोका नऊ किलोचा आहे!” असें अभिमानानें सांगतात. हे नऊ किलो बळाचे कीं रोगाचे, हें कसें ओळखावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम जातीचा विचार करूं. मेन कून ही जात अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन या थंड प्रांतांतील होय. त्या प्रांतानें १९८५ सालीं हिला आपलें अधिकृत मांजर म्हणून मान दिला. हिचा बोका बहुधा सहा ते आठ किलोग्रॅम भरतो, व भाटी चार ते सहा. आपलें गांवठी मांजर सुमारें एका वर्षांत पूर्ण वाढतें, पण मेन कूनची वाढ तीन ते पांच वर्षें चालू असते. म्हणून दोन वर्षांच्या बोक्याचें वजन वाढत आहे, एवढ्यावरून तो लठ्ठ होत आहे असें म्हणतां येत नाहीं. उलट पर्शियन मांजर दाट केसांमुळें थोराड दिसलें, तरी त्याचा सांगाडा मध्यम आकाराचाच असतो. सात किलो वजन एखाद्या मेन कून बोक्यास शोभेल, परंतु तेंच पर्शियन भाटीस घातक ठरेल. सारांश, आकडा एकटा मुका असतो. त्याला शरीराची साक्ष जोडावी लागते.

ही साक्ष घेण्याचें पहिलें साधन म्हणजे आपला हात. मांजर शांत उभें असतां दोन्ही बाजूंच्या फांसळ्यांवरून बोटें हलकेच फिरवावीं. त्या कशा लागल्या पाहिजेत, हें समजण्यास स्वतःचाच हात पुरेसा आहे. पंजा पालथा धरून बोटांच्या मागील हाडांवरून दुसऱ्या हाताचीं बोटें फिरवा. पातळ आवरणाखालीं हाडें सहज जाणवतात. निरोगी मांजराच्या फांसळ्या अशाच लागतात. मूठ वळल्यावर बोटांचीं पेरें जशीं टोंचतात, तशा फांसळ्या लागल्या तर मांजर हडकलें आहे. आणि तळहाताच्या मांसल भागाप्रमाणें लागून हाडें शोधावीं लागलीं, तर तें लठ्ठ झालें आहे, असें समजावें. लांब केसांच्या मांजराची परीक्षा केवळ डोळ्यांनीं करणें फसवें असतें, कारण दाट केसांखालीं चरबी लपते तसा रोडपणाही लपतो.

दुसरें साधन दृष्टि. केस हातानें किंचित् दाबून वरून पाहिलें असतां फांसळ्यांच्या मागें कंबर थोडी आंत गेलेली दिसावी. बाजूनें पाहतां पोटाची रेषा मागील पायांकडे किंचित् वर चढावी. येथें एक सावधगिरी ठेवावी. पुष्कळ मांजरांच्या पोटाखालीं, मागील पायांपाशीं, सैल कातड्याची एक झोळी लोंबत असते. ती निसर्गदत्त आहे. चालतांना ती रिकाम्या पिशवीसारखी हलत असेल तर चिंता नको. परंतु ती भरीव व गोल असेल तर चरबी सांचली आहे, असें जाणावें.

या लक्षणांवरून अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. डॉटी लाफ्लाम यांनीं १९९७ सालीं मांजरांसाठीं नऊ पायऱ्यांचें एक मापन प्रसिद्ध केलें. त्यांत पहिली पायरी अत्यंत कृश, पांचवी उत्तम व नववी अतिलठ्ठ होय. पांचवीच्या वरील प्रत्येक पायरी म्हणजे योग्य वजनापेक्षां अंदाजें दहा ते पंधरा टक्के अधिक भार, असें मानतात. आतां आपल्या नऊ किलोच्या बोक्याचें गणित करूं. तो सातव्या पायरीवर असेल, तर त्याचा भार वीस ते तीस टक्के अधिक आहे. म्हणजे त्याचें योग्य वजन सात ते साडेसात किलोच्या सुमारास असावें. उलट, थोर हाडापेराच्या एखाद्या बोक्याच्या फांसळ्या नीट लागत असतील व कंबर दिसत असेल, तर तेच नऊ किलो त्याला योग्यही असूं शकतील.

तिसरें साधन तराजू. आधीं मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें. दोहोंतील अंतर हें मांजराचें वजन. याहून बारीक माप हवें असल्यास मांजर टोपलींत घालून धान्याच्या दुकानांतील काट्यावर तोलावें व टोपलीचें वजन वजा करावें. महिन्यांतून एकदां, त्याच काट्यावर, आंकडा वहींत टिपावा. एका दिवसाच्या वजनापेक्षां वर्षाची ही नोंद कितीतरी अधिक सांगते.

लठ्ठपणानें मांजरास मधुमेह व सांधेदुखी जडतात. शिवाय आपल्याकडील वैशाखांत चरबी आणि लोंकर हा दुहेरी भार त्यास असह्य होतो. तथापि उपाशी ठेवणें हा त्यावर उपाय नव्हे. लठ्ठ मांजर दोन तीन दिवस अन्नावांचून राहिलें, तर अंगांतील चरबी यकृतांत सांचून तें प्राणास मुकूं शकतें. आठवड्यास शेंकडा एक, म्हणजे आठ किलोमागें ऐशी ग्रॅम, इतकीच घट बरी. मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी असल्यानें भात व दूध कमी करून मांसान्न मापून द्यावें. खच्ची केलेल्या मांजरास पूर्वीपेक्षां कमी अन्न पुरतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

उलटपक्षीं, प्रयत्न न करतां वजन घटूं लागलें तर आनंद मानूं नये. पांच किलोच्या मांजराचें अर्धा किलो कमी होणें, हें साठ किलोच्या मनुष्याचें सहा किलो कमी होण्यासारखें आहे. विशेषतः म्हाताऱ्या मांजरांत तें मूत्रपिंडाच्या विकाराचें किंवा मधुमेहाचें चिन्ह असूं शकतें. अशा वेळीं आपली नोंदवही घेऊन पशुवैद्याकडे विनाविलंब जावें.

विद्यार्थिमित्रांनो, मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं आणि पुरे असेंही म्हणतां येत नाहीं. त्याच्या ताटांतील घांस आपल्या हातीं आहे. तेव्हां त्याला वारंवार खाऊं घालणें म्हणजेच माया, अशी समजूत सोडून द्यावी. महिन्यास एकदां त्याच्या फांसळ्यांवरून हात फिरवावा, वजन टिपावें, आणि त्याप्रमाणें अन्न मापून द्यावें. खऱ्या भूतदयेचा आरंभ एवढ्या लहानशा नियमापासूनही होतो.