विष कॉलऱ्याचं, जनुक विषाणूचं

न्हावा शेवाच्या धक्क्याला लागणारं जहाज कंटेनरांबरोबर समुद्राचं पाणीही आणतं. तोल राखण्यासाठी एका बंदरात टाक्यांत भरलेलं हे बॅलास्ट पाणी दुसऱ्या बंदरात सोडलं जातं, आणि त्यातून जिवाणूंचाही फुकट प्रवास होतो. १९९१च्या दक्षिण अमेरिकेतल्या साथीचा कॉलरा-जिवाणू पुढे मेक्सिकोच्या आखातात आलेल्या मालवाहू जहाजांच्या बॅलास्टमध्ये सापडला. सप्टेंबर २०१७पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सोडल्या जाणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात ‘विष बनवणाऱ्या’ कॉलरा-जिवाणूची एकही वसाहत चालत नाही.

‘विष बनवणाऱ्या’ ही अट महत्त्वाची. खाडीतले बहुतेक कॉलरा-जिवाणू निरुपद्रवी असतात. विषाचं जनुक त्यांना देतो जिवाणूंना लागण करणारा एक विषाणू, म्हणजे फाज. मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनॉस यांनी १९९६मध्ये हे दाखवलं.

फाज वेगळा करणं तसं स्वस्तातलं काम आहे. खाडीचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. जिवाणू वर अडकतात, बहुतेक फाज खाली उतरतात. ते पाणी जिवंत जिवाणूंसह पातळ अगारमध्ये मिसळून बशीत ओतलं की रात्रीत जिवाणूंचा दुधाळ थर धरतो. फाजने जिवाणू फोडले असतील तिथे स्वच्छ ठिपके पडतात. एक ठिपका उचलून हेच पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे एकच वाण उरतो. मग बाहेर सांडलेला जिवाणूंचा डीएनए विकराने नष्ट करून फाजचं कवच फोडायचं आणि आतला डीएनए यंत्राला वाचायला द्यायचा. फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७मध्ये फाय-एक्स १७४ या फाजचा जीनोम वाचला तेव्हा त्याची ५,३८६ अक्षरं जुळवणं हा पराक्रम होता. आज तेवढं काम किरकोळ.

पण बशीतला ठिपका फक्त मारेकरी दाखवतो. कॉलऱ्याचं विष देणारा फाज यजमानाला फोडत नाही. जिवाणूच्या केसासारख्या तंतूला धरून तो आत शिरतो, आपला सुमारे सात हजार अक्षरांचा जीनोम जिवाणूच्या गुणसूत्रात घुसवतो आणि तिथेच राहतो. वॉल्डर-मेकॅलॅनॉस यांनीही ठिपके शोधले नाहीत. विषाच्या जनुकाजागी प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक बसवून त्यांनी ते एका जिवाणूतून दुसऱ्यात जाताना पकडलं.

म्हणूनच रोगजिवाणू मारायला औषध म्हणून निवडलेल्या फाजचाही जीनोम आधी वाचतात. बशीत तो कितीही झकास ठिपके पाडो, विषाचं किंवा गुणसूत्रात घुसण्याचं जनुक निघालं तर तो बाद. अडचण एवढीच, की नव्या फाजमधल्या बऱ्याच जनुकांचं काम काय, हे यंत्र सांगत नाही.