परतणारी वार्ता आणि सावरणारा हात



माघी पौर्णिमेच्या सुमारास कचारगडाच्या गुहेकडे चढणारी माणसांची रीघ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले गोंड बांधव त्या दिवसांत तेथे दर्शनाला जमतात. त्या रांगेतल्या एखाद्या चढणाऱ्याकडे क्षणभर यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहा. चढणीने अंग तापू लागते. मेंदूत बसलेला एक पहारेकरी ही खबर टिपतो आणि घामाला वाट करून देतो. घाम वाळताना अंग निवते. सावलीत दगडावर टेकावे, तो घामही आटोपतो. माघाची थंडी असो की वैशाखाचे ऊन, शरीराची उष्णता 37 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. स्वयंचलित नियंत्रण या विषयाला इंजिनिअरिंगचे नवे विद्यार्थी बिचकतात. पण त्याचे मर्म एवढ्यात आले.

ते मर्म असे : आपण एखादे काम करतो, त्याचा परिणाम होतो, आणि त्या परिणामाची बातमी करणाऱ्याकडे परत येऊन पुढचे काम सुधारते. इंग्रजीत याला 'फीडबॅक' म्हणतात. आजच्यापुरते आपण त्याला 'परतवार्ता' म्हणू.

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. तलावाच्या पाळीवर उभा असलेला राखणदार काय करतो? पाणी कुठवर असावे हे त्याच्या मनात पक्के असते. ते प्रत्यक्षात कुठवर आहे हे तो डोळ्यांनी पाहतो. दोहोंतला फरक मनाशी जोखतो आणि त्या बेताने दार उघडतो किंवा लावतो. इच्छा, मोजणी, तुलना आणि कृती अशी ही चार कामे झाली. विद्यार्थ्याने कोणतेही यंत्र समोर आले की प्रथम हीच चार कामे कोण करतो ते शोधावे. समीकरणे त्यानंतर मांडावीत.

आता राखणदाराला बाजूला करून हीच कामे यंत्राकडून करवता येतील काय? आपल्या महाराष्ट्रातच त्याचे उत्तर मिळाले आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे 1903 मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर बसली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दारे आपोआप उघडत. पुराचे पाणी निघून पातळी उतरली की आपोआप मिटत. मध्यरात्री पूर आला तरी कोणाला उठवायला नको. पाण्याची उंची हीच बातमी आणि पाण्याचे बळ हाच हात!

इंग्लंडात जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला असाच एक पहारेकरी जोडला होता. दोन गोळे इंजिनाबरोबर फिरत. वेग वाढला की ते बाहेर फाकत व वाफेची वाट आवळत. वेग मंदावला की आत येत व ती वाट मोकळी करीत. पुढे या जातीची काही यंत्रे वेग स्थिर ठेवण्याऐवजी त्याला झोके देऊ लागली. असे का व्हावे, याचे गणित मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडले. या शास्त्राचा अवघड आणि खरा गाभा तेथे सुरू होतो.

त्या गणिताची गोडी आपल्या न्हाणीघरातही चाखता येते. गरम पाण्याचा नळ सोडला आणि पाणी अजून गारच आहे म्हणून आणखी सोडला, की थोड्या वेळाने पाठ भाजते. घाबरून एकदम बंद केला की पुन्हा काकडायला होते. नळात दोष नाही, हातातही नाही. दोष वाटेतल्या विलंबाचा आहे. बातमी उशिरा आली आणि हात उतावळा असला, तर सावरणाराच बिघाड करू लागतो. म्हणून चार प्रश्नांनंतर पाचवा प्रश्न विचारावाच : वार्ता किती उशिरा पोचते?

वार्ता उलटीही काम करू शकते. सभेत ध्वनिक्षेपकाने किंचाळी फोडलेली तुम्ही ऐकली असेलच. कर्ण्यातला आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. येथेही वार्ता परतते, पण चूक कमी करण्याऐवजी तिला चिथावते. परतवार्ता हवी ती विरोध करणारी. यंत्राला खुशमस्कऱ्याचा उपयोग नाही, त्याला टोकणारा मित्र हवा.

शेवटी एक कठोर गोष्ट. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे नवे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला, तेही धरण फुटले, आणि पुण्यात हाहाकार उडाला. असल्या लोंढ्यापुढे कोणतीही दारे अपुरीच. दार पुरते उघडून झाले की वार्ता कितीही खरी असो, हाताला पुढे करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून शहाणा इंजिनिअर यंत्राच्या हाताची मर्यादा आधी मोजतो आणि तिच्यापलीकडच्या दिवसाची सोय वेगळी करून ठेवतो.

आज आपल्या घरातल्या शीतकपाटापासून मोठमोठ्या धरणांपर्यंत ही परतवार्ता अखंड चालू आहे. जो तरुण हे शास्त्र शिकतो, त्याच्या वहीतल्या एका चिन्हावर खालच्या गावांची झोप अवलंबून असते. अधिकच्या जागी उणे पडले, तर सावरणारा हातच ढकलणारा होतो. तेवढे भान ठेवून त्याने पहिला धडा घ्यावा. तो धडा घेण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. कचारगडाची चढण चढता चढता अंगाला सुटलेला घामही तो देऊ शकतो.